‘बाळात काहीतरी दिसतंय’: त्यानंतरचे आठवडे आणि आईचं मन

पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी, जिला आपल्याकडे ‘टिफा’ किंवा ‘अ‍ॅनॉमली स्कॅन’ म्हणतात, ती बहुतेक बायका हौसेनं करायला जातात. बाळाचा चेहरा दिसेल, ठोके ऐकू येतील, नवरा सोबत असेल. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या सेंटरच्या बाकावर बसलेल्या बाईच्या पिशवीत फाईल आणि पाण्याची बाटली असते. भंडारा-गडचिरोलीकडून आलेली असेल तर परतीच्या एसटीची वेळही डोक्यात असते. ही तपासणी मुळात बाळातला दोष शोधण्यासाठीच करतात, हे तिला कोणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून धक्का दुप्पट बसतो.

पहिली खूण शब्दांतून मिळतच नाही. इतका वेळ पोटावरून फिरणारा प्रोब एका जागी थांबतो. डॉक्टर बोलायचे थांबतात, पडद्यावर दोन फुल्यांमध्ये रेघ ओढून मोजतात, पुसतात, पुन्हा मोजतात. ‘जरा कुशीवर वळा’, ‘बाहेर दहा मिनिटं चालून या’. पोटावरची जेल गार पडत जाते आणि आई पडद्याकडे न बघता डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघू लागते. पुढं काय सांगितलं ते अनेकींना आठवत नाही, ही शांतता मात्र वर्षानुवर्षं आठवते.

डॉक्टर गप्प होतात कारण मोजमाप चुकून चालणार नसतं. काही घरांत समज असतो की कायद्यामुळं ते बोलू शकत नाहीत. तसं नाही. १९९४चा पीसीपीएनडीटी कायदा बाळाचं लिंग सांगायला मनाई करतो, दोष सांगायला नाही. तेव्हा उठण्याआधी तीन गोष्टी विचारा: काय दिसलं, कुठं दिसलं, आणि किती खात्री आहे. उत्तर कागदावर लिहून मागा. त्या दिवशी कान पहिल्या वाक्यालाच बंद होतात, त्यामुळं सगळी चर्चा तिथंच उरकायचा हट्ट नको. एक-दोन दिवसांनी, शांत डोक्याचं एक माणूस सोबत घेऊन, प्रश्न वहीत लिहून परत जा. डॉक्टरांची परवानगी घेऊन मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं तर घरी पुन्हा ऐकता येतं.

अहवालातला शब्द आणि मनातलं चित्र

जन्मणाऱ्या दर १०० बाळांपैकी साधारण २ ते ३ बाळांत एखादा मोठा जन्मजात दोष असतो. पण ‘दोष’ या एका शब्दाच्या पोटात फार वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि मनाचे सगळ्यात जास्त हाल होतात ते त्या एकत्र झाल्यामुळं.

अहवालात ‘व्हेंट्रिक्युलोमेगाली’ लिहिलेलं असतं. घरी पोचेपर्यंत त्याचं ‘बाळाच्या डोक्यात पाणी’ होतं, आणि रात्री मोबाईलवर शोधलं की भल्यामोठ्या डोक्याच्या बाळांचे फोटो समोर येतात. खरं म्हणजे इथं मिलिमीटरला महत्त्व आहे. मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्याची रुंदी १० मिलिमीटरच्या आत असणं ठीक. १० ते १२ म्हणजे सौम्य वाढ. सोबत दुसरा काही दोष नसेल आणि बाकी तपासण्या चांगल्या असतील तर यातली ९० टक्क्यांहून जास्त मुलं नीट वाढतात. १५च्या वर गेलं की गोष्ट गंभीर होते. आकडा न विचारता ‘डोक्यात पाणी’ एवढंच घेऊन घरी आलेली बाई ११ मिलिमीटरसाठी १८ मिलिमीटरचं दुःख करत बसते.

‘किडनीला सूज’ हा असाच दुसरा शब्द. पाचव्या-सहाव्या महिन्यात किडनीच्या नळीचा भाग ४ मिलिमीटरच्या वर दिसला तर नोंद करतात, पुढं पुन्हा बघतात. सौम्य असेल तर पुष्कळ वेळा आपोआप निवळतं. ‘हृदयात पांढरा ठिपका’ एकटाच असेल आणि बाकी तपासण्या ठीक असतील तर त्याला दोष म्हणत नाहीत. वळलेली पावलं जन्मानंतर दर आठवड्याला प्लास्टर बदलून सरळ करता येतात. फाटलेल्या ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या महिन्यानंतर होते, टाळूची वर्षाच्या आसपास. आणि याच यादीत दुसऱ्या टोकाला कवटीच तयार न झालेलं बाळ असतं. ते जगत नाही, आणि त्यावर जगात कुठंही उपाय नाही.

या दोन टोकांच्या मध्ये जे आहे ते मनाला सगळ्यात जड जातं. हृदयाचे काही दोष, मेंदूच्या रचनेतले काही फरक, पाठीच्या कण्यावरचा फोड. इथं डॉक्टरांच्या उत्तरात ‘कदाचित’ असतं. चालेल का? कदाचित. शिकेल का? सांगता येत नाही. वाईट बातमी पक्की असली तर मन रडून का होईना तिच्याकडे तोंड करतं. ‘कदाचित’पुढं ते रोज नव्यानं आशा धरतं आणि रोज नव्यानं खचतं. म्हणून त्या अवयवाच्या डॉक्टरांना जन्माआधीच भेटा. हृदयासाठी फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, करून बालहृदयरोगतज्ज्ञ, कणा किंवा पोटासाठी बालशल्यचिकित्सक. सोनोग्राफी करणारे डॉक्टर दोष दाखवतात. असं मूल घरी कसं वाढतं, किती शस्त्रक्रिया लागतात, शाळेत जातं का, हे ज्यांच्याकडे अशी मुलं रोज येतात त्यांनाच नीट माहीत असतं.

दोष छोटा म्हणून दुःख छोटं, असंही नाही. पाऊल वळलेलं असलं तरी मनात रंगवलेलं बाळ त्या दिवशी हातातून निसटलेलं असतं. ‘एवढ्याशा गोष्टीला काय रडायचं’ हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये.

वाट पाहण्याचे दिवस

यानंतर बऱ्याचदा बाळाभोवतीचं पाणी काढून तपासण्याचा सल्ला मिळतो, म्हणजे अ‍ॅम्निओसेंटेसिस. १५ आठवड्यांनंतर ही तपासणी करता येते. सोनोग्राफीत बघत बारीक सुईनं साधारण १५ ते २० मिलिलिटर पाणी काढतात. अनुभवी हातांत यामुळं गर्भ जाण्याचा धोका हजारात १ ते ५ इतका असतो. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन विसरू नये. काही ठरावीक गुणसूत्रांचा झटपट अहवाल थोड्या दिवसांत येतो; पूर्ण तपासणीला दोन ते तीन आठवडे लागतात, कारण पाण्यातल्या पेशी आधी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात. ओळख लावून, पैसे भरून पेशी लवकर वाढत नाहीत.

निसर्गानं इथं फार कठीण गाठ घातली आहे. पहिलटकरणीला बाळाची हालचाल जाणवू लागते ती १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास, म्हणजे नेमकी याच दिवसांत. ज्या हालचालीची महिनाभर वाट पाहिली ती आता नकोशी वाटते. हात सवयीनं पोटावर जातो आणि मध्येच मागे येतो. बाळाशी बोलणं थांबतं, विणायला घेतलेलं झबलं तसंच राहतं. याला काळीज दगडाचं होणं म्हणत नाहीत. मन स्वतःला वाचवायला एक पाऊल मागे सरकलेलं असतं. त्याच बाईला त्याच रात्री वाटतं, काहीही असो, माझंच आहे, घट्ट धरून ठेवावं. एकाच दिवसात दोन्ही वाटतं, आणि ते तसंच वाटणार.

एक विचार मात्र बहुतेक जणी कुणालाही सांगत नाहीत: ‘आपोआपच काही होऊन जाऊ दे, मला ठरवावं लागू नये.’ हा विचार आला की आपण राक्षसीण आहोत असं वाटतं. तो फार सामान्य आहे. त्यात बाळाबद्दलचा राग नसतो, निर्णयाच्या ओझ्याचा थकवा असतो. समुपदेशकानं हे आपणहून बोलून दाखवलं तर समोरची बाई बऱ्याचदा त्या क्षणी पहिल्यांदा मोकळी रडते.

बाहेर जग आपल्या वेगानं चाललेलं असतं. शेजारीण म्हणते चेहऱ्यावर तेज आलंय, नणंद डोहाळजेवणाची तारीख विचारते. प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट सांगायची गरज नाही. घरातलं एक माणूस फोनसाठी नेमा आणि एकच वाक्य ठरवा: ‘तपासण्या चालू आहेत, काही असलं तर आम्हीच सांगू.’ डोहाळजेवण पुढं ढकलता येतं.

‘ग्रहण पाळलं नाहीस का?’

आईच्या मनात अपराधी भाव आधीच असतो, घरचे त्यात भर घालतात. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, स्कूटीवर फिरली, ऑफिसात जिने चढली. यातल्या कशानंही बाळाचा ओठ फाटत नाही की हृदयाला छिद्र पडत नाही. तारखा बघा. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, पुष्कळ जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. हृदयाची मूळ घडण आठव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत उरकलेली असते. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाला तिथं करण्यासारखं काही शिल्लक नसतं.

काही कारणं खरी असतात, ती लपवण्यात अर्थ नाही: ताब्यात नसलेली साखर, फिट्सची काही औषधं (विशेषतः व्हॅलप्रोएट), मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, दारू, गर्भारपणात झालेला रुबेला. डॉक्टर हे विचारतात ते पुढच्या वेळेसाठी, दोष द्यायला नाही. बहुतेक वेळा एकच एक कारण सापडत नाही. ‘कारण माहीत नाही’ हे ऐकून घेणं फार अवघड असतं. काही बायका त्यापेक्षा स्वतःला दोषी धरणं पत्करतात, कारण निदान एक उत्तर तरी मिळतं. घरच्यांनी ही गोष्ट ओळखावी.

निर्णय, आणि तो कुणाचा

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१चा, त्यात मोठी सुधारणा २०२१ला झाली. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत गर्भात गंभीर दोष असेल तर दोन डॉक्टरांचं मत लागतं. २४ आठवड्यांनंतर दोष मोठा असल्याचं वैद्यकीय मंडळानं ठरवावं लागतं. तिथं आठवड्यांची वरची मर्यादा नाही. मंडळानं अर्ज मिळाल्यापासून ३ दिवसांत मत द्यायचं आणि परवानगी असेल तर ५ दिवसांच्या आत प्रक्रिया व्हायची, असं नियम सांगतात. नागपुरात या चौकशीची सुरुवात ‘मेडिकल’च्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, स्त्रीरोग विभागातून करावी. जाताना पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सोबत न्या, कारण आठवडे त्यावरूनच पक्के होतात. हाच कागद घरी राहिला म्हणून दिवस वाया जातात.

संमतीच्या फॉर्मवर सही लागते ती फक्त तिची. बाई १८ वर्षांवरची आणि मानसिकदृष्ट्या सक्षम असेल तर नवऱ्याची, सासऱ्याची सही कायद्यानं लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं हे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आणि हे दोन्ही बाजूंनी लागू आहे: तिला बाळ ठेवायचं असेल तर ‘काढून टाक’ म्हणून कुणीही भाग पाडू शकत नाही.

हिशेब सोपा आहे. टिफा १९व्या आठवड्यात झाली तर दुसरं मत, पाण्याची तपासणी आणि विचार यांना वेळ मिळतो. २३व्या आठवड्यात झाली तर अहवाल येईपर्यंत २४ ओलांडलेले असतात आणि निर्णय घाईत होतो. घाईत घेतलेला निर्णय नंतर जास्त छळतो, मग तो कोणताही असो. म्हणून ही तपासणी १८ ते २० आठवड्यांतच करून घ्या; खेड्यातून येणाऱ्यांना तर आशाताईंनी आधीपासून बजावून ठेवावं.

बाळ ठेवायचं ठरलं तर बाळंतपण कुठं करायचं हे आधीच ठरवा: नवजात अतिदक्षता विभाग आणि बालशल्यचिकित्सक असतील अशा ठिकाणी. जन्मजात दोषांच्या मुलांसाठी २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, १८ वर्षांपर्यंत तपासणी आणि उपचार मोफत. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, नोंद करा. बाळ फार वेळ जगणार नाही हे ठाऊक असूनही काही आया पूर्ण दिवस भरेपर्यंत थांबतात. त्यांनाही आधार मिळायला हवा: जन्मानंतर नळ्या घालायच्या की नाही, बाळ आईच्या छातीवर ठेवायचं का, कोण भेटणार, हे बालरोगतज्ज्ञांशी आधी बोलून लिहून ठेवता येतं.

गर्भ थांबवायचं ठरलं तर

पुष्कळ जणींना वाटतं भूल देऊन ‘क्युरेटिंग’ होईल आणि संध्याकाळी घरी. पाचव्या-सहाव्या महिन्यात बहुधा तसं नसतं. आधी मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची गोळी देतात, एक-दोन दिवसांनी दाखल करून मिसोप्रोस्टॉल ठरावीक तासांनी देतात, आणि मग खऱ्या कळा येऊन बाळंतपणच होतं. दुखणं कमी करायचं औषध मागून घ्या. ‘हे तर होणारच’ म्हणून सोसत राहण्यात कसलंही पुण्य नाही. गर्भ जास्त आठवड्यांचा असेल तर आधी इंजेक्शननं बाळाचे ठोके थांबवण्याबद्दल विचारतात. बाळ जिवंत जन्मून तडफडू नये म्हणून ते असतं, पण आईसाठी सगळ्यात जड क्षण बहुधा हाच. पडदा दुसरीकडे वळवायला सांगा, आणि हात धरायला कुणीतरी आत असू द्या. खाट प्रसूती कक्षातल्या बाळंतिणींपासून लांब मिळेल का, हेही दाखल होतानाच विचारा.

बाळाला बघायचं का? आपल्याकडे घरचे परस्पर ठरवतात, ‘नको दाखवू तिला’. हेतू चांगला असतो, पण न बघितलेलं बाळ कल्पनेत फार भयंकर होत जातं. जबरदस्ती दोन्हीकडून नको. तिला विचारा, नाही म्हणाली तर तासाभरानं पुन्हा विचारा. आधी सांगा बाळ कसं दिसेल: तळहाताहून थोडं मोठं, कातडी लाल आणि पातळ. सिस्टरताई मऊ सुती कापडात गुंडाळून दोषाचा भाग झाकू शकतात; उघडी राहतात ती इवलीशी बोटं आणि पावलं. तेवढं बघून, नाव घेऊन निरोप देता येतो. बाळ घरी न्यायचंय की रुग्णालयावर सोपवायचंय हे कळा सुरू होण्याआधी सांगून ठेवा, नंतर विचारायला वेळ मिळत नाही. आणि जनुकीय तपासणी करायची असेल तर नमुना फॉर्मालिनमध्ये, म्हणजे शरीर टिकवून ठेवणाऱ्या द्रवात, बुडवण्याआधी काढावा लागतो. ही एक चूक झाली की कारण कळण्याची वाट बहुधा बंद होते.

मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध येतं. याची कल्पना कुणी दिलेली नसते. बाळ नाही आणि ब्लाऊज ओला. कितीतरी जणींच्या दुःखाचा बांध इथं फुटतो. बाळंतपणानंतर लगेच कॅबरगोलिनची गोळी दिली तर दूध बऱ्याच अंशी थांबतं. बीपीचा त्रास असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. दूध आलंच तर नीट आधार देणारी ब्रा, गार कापडाच्या घड्या, आणि पिळून काढणं टाळायचं, कारण काढाल तेवढं पुन्हा येतं. ताप, घाण वासाचा स्राव, किंवा तासाला दोन पॅड भिजतील एवढं रक्त जात असेल तर थेट दवाखाना.

फोनवरची गरोदरपणाची अ‍ॅप बंद करा. आशाताईंना सांगून नोंदवहीत बदल करून घ्या, नाहीतर बरोबर प्रसूतीच्या महिन्यात ‘बाळाचं लसीकरण झालं का’ असा फोन येतो. नोकरी करणाऱ्या बाईला कायद्यानुसार गर्भपातानंतर ६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती मागायला संकोच नको.

घर, नवरा आणि पुढचे महिने

नवरा त्या दिवसांत फॉर्म भरतो, रक्त आणतो, चौथ्या दिवशी कामावर जातो. तो रडत नाही म्हणून त्याला काही वाटत नाही, असं तिला वाटतं. आपण रडलो तर ती कोसळेल, असं त्याला वाटतं. दोघं एका खोलीत वेगवेगळं दुःख करत राहतात. दिवसातून दहा मिनिटं बाळाबद्दलच बोलायचं ठरवलं तरी फरक पडतो. घरच्यांनी ‘जाऊ दे, दुसरं होईल’, ‘बरं झालं लवकर कळलं’ ही वाक्यं गिळून टाकावीत. मोठ्या मुलाला शाळेत सोडून येणं, डबा करून देणं, तिच्याजवळ नुसतं बसणं हे जास्त उपयोगाचं.

गर्भ थांबवल्यावर सुटका वाटते आणि सुटका वाटली म्हणून लाज वाटते. हेही नेहमीचंच. दुःख पायरी-पायरीनं उतरत नाही. प्रसूतीची ठरलेली तारीख, कुणाचं तरी बारसं, त्या सेंटरचा रस्ता यांनी ते परत उसळतं. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण उडालं असेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढं वारंवार येत असेल, तर मनोविकार विभागात दाखवा; मेडिकल आणि एम्समध्ये तशी ओपीडी आहे. जगू नये असं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो.

पुढच्या बाळाआधी साधारण सहा महिने जाऊ द्यावेत. मणक्याचा किंवा कवटीचा दोष झाला असेल तर रोजची फोलिक अ‍ॅसिडची छोटी गोळी पुरत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्यानं ५ मिलिग्रॅमची गोळी दिवस जाण्याच्या किमान एक महिना आधीपासून घ्यावी लागते, आणि त्यानं तोच दोष परत होण्याचा धोका साधारण ७० टक्क्यांनी घटतो. दोष जनुकीय निघाला तर समुपदेशन आधी. सिकलसेलमुळं ‘वाहक’ (स्वतः आजारी नसलेला, पण आजाराचा जनुक मुलाला देऊ शकणारा) हा शब्द विदर्भात गावोगावी पोचला आहे; अशा बऱ्याच आजारांचा हिशेब तसाच असतो, दोघंही वाहक असतील तर प्रत्येक वेळी बाळाला आजार होण्याची चारात एक शक्यता.

पुढच्या गर्भारपणात आनंद उशिरा येतो. मागच्या वेळी ज्या आठवड्यात कळलं होतं तो आठवडा पार पडेपर्यंत ती कुणाला सांगत नाही, काही विकत घेत नाही. जुनी फाईल सोबत ठेवा, ११ ते १३ आठवड्यांतली सोनोग्राफी चुकवू नका, आणि टिफाला आडवं होण्याआधीच डॉक्टरांना सांगा: ‘मागच्या वेळी हृदयात दोष होता. आधी तेच बघा, आणि बघितलं की लगेच सांगा. बाकीचं मग सावकाश करा.’